'सेट'चे अर्थ पाठ करायचे का, अन् मुळात एवढे अर्थ झाले कसे?

तुझा प्रश्न थोडक्यात असा की स्पर्धा परीक्षेची तयारी करताना इंग्रजीतला 'सेट' (set) हा शब्द डिक्शनरीत बघायला गेलं तर पानं संपता संपेनात, दर ओळीला अर्थ वेगळा, मग हे सगळे पाठ करायचे का आणि नाही केले तर पेपरात वाक्य आल्यावर काय करायचं, अन् वही कशी करायची. लातूरला क्लासवर दर बॅचला कोणी ना कोणी हे विचारतंच, फक्त शब्द बदलतो, कधी 'गेट' असतो कधी 'टेक', म्हणून एकदा बसून सविस्तरच लिहितो. सरळ उत्तर आधी देतो म्हणजे घाईत असशील तर इथंच थांबता येईल: पाठ करू नको. 'सेट'चा अर्थ 'सेट'मध्ये सापडत नाही, त्याच्या शेजारच्या शब्दात सापडतो, म्हणून नजर शेजाऱ्यावर ठेवायची.

आता आकड्याची भीती आधी काढून टाकू. ऑक्सफर्डची जी मोठी इंग्लिश डिक्शनरी आहे तिच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत एकट्या सेट या क्रियापदाचे 430 अर्थ दिलेले आहेत अन् ती नोंदच जवळपास 60,000 शब्दांची आहे. एका शब्दाची नोंद, बरं का. कितीतरी वर्षं सगळ्यात लांब नोंद म्हणून हीच सांगितली जायची अन् अजूनही जनरल नॉलेजच्या पुस्तकांत तेच छापायलेत, पण तसं आता राहिलं नाही. त्या डिक्शनरीची नवी दुरुस्ती सुरू झाली तेव्हा 2000 मध्ये 'मेक' पुढं गेला, 2007 मध्ये 'पुट' आणि 2011 मध्ये 'रन'नं सगळ्यांना मागं टाकलं, 645 अर्थ, अन् त्या एका रनवर पीटर गिलिव्हर नावाचे संपादक नऊ महिने बसले होते. पण ही डिक्शनरी इतिहास सांगणारी आहे, हजार वर्षांत कोणी कुठं कसा वापरला ते सगळं त्यात येतं, बंद पडलेले अर्थही येतात, अन् एकाच अर्थाच्या बारीक बारीक छटा सुट्या मोजतात. लंडनच्या माणसालाही यातले निम्मे सांगता यायचे नाहीत.

अन् इंग्रजीच येडी भाषा आहे असं म्हणायच्या आधी आपलं 'लागणे' बघ. भूक लागते, ठेच लागते, गाडी फलाटाला लागते आणि घाटात माणसालाही गाडी लागते, पोराला नोकरी लागते, डोळा लागतो, दार लागतं, आंबा गोड लागतो, तो माझा मामा लागतो, लग्न लागतं, ऊन लागतं, विहिरीला पाणी लागतं, लेकरू बोलायला लागतं. हे तू कोणत्या वहीत लिहून पाठ केलंस? भुकेच्या शेजारी लागणे आलं की एक, मामाच्या शेजारी आलं की दुसरं, एवढं आपोआप कळतं. सेटचं काम अगदी असंच चालतं, फरक एवढाच की लागणे आपण घरात ऐकत मोठे झालो आणि सेट पुस्तकातून आला.

आता मूळ मुद्दा. सेट हा खरंतर एक शब्द नाही, दोन वेगळे शब्द एकाच वेशात फिरायलेत. क्रियापद सेट जुन्या इंग्रजीतल्या 'सेटन'पासून आलं, जे 'सिट'चं प्रयोजक रूप आहे, म्हणजे आपल्याकडं बसणे आणि बसवणे तसं सिट आणि सेट. इंग्रजीत अशा जोड्या आणखी आहेत: लाय म्हणजे पडून राहणं आणि ले म्हणजे आडवं ठेवणं, राइज म्हणजे उठणं आणि रेझ म्हणजे उठवणं, फॉल म्हणजे पडणं आणि फेल (fell, नापासवाला फेल नव्हे) म्हणजे झाड पाडणं. लाय-ले वर पेपरात प्रश्न येतोच येतो आणि पोरं तिथं हमखास घसरतात, कारण त्यांना कोणी हे बसणे-बसवणे सांगितलेलंच नसतं. दुसरा सेट म्हणजे नाम, वस्तूंचा समूह या अर्थाचा, तो फ्रेंचमधून आला अन् त्याच्या मागं लॅटिन 'सेक्टा' आहे, म्हणजे एखाद्याच्या मागं चालणारे लोक, पंथ. इंग्रजीतला 'सेक्ट' त्यातलाच. पुढं दोन्हींचा उच्चार एक, स्पेलिंग एक, त्यामुळं एकमेकांत इतके मिसळले की आज अर्थ अगदी सुटे करणं अवघड, तरीपण अभ्यासाला ही फाळणी फार कामाची आहे.

क्रियापद वाक्यात दिसलं की पहिल्यांदा मनात 'बसवणे' म्हणून बघायचं. डॉक्टर सेट द बोन, डॉक्टरनं हाड बसवलं. सोनारानं अंगठीत खडा बसवला, तिथंही सेट. कवितेला चाल लावून गाणं बसवलं, तर सेट टू म्युझिक. नाही बसलं तर 'लावणे' घालून बघायचं, तिथं तर ढीग लागतो: अलार्म लावला, सापळा लावला, आग लावली, कामाला लावलं, ह्या सगळ्याला सेट चालतो. तेही नाही जमलं तर मांडणे आणि ठरवणे. सेट द टेबल म्हणजे जेवायची मांडामांड, सेट अ डेट म्हणजे तारीख ठरवणं, सेट अ प्राइस म्हणजे भाव ठरवणं. पेपर काढणे यालाही सेट अ पेपर म्हणतात, म्हणून आपण जे 'सरांनी पेपर अवघड सेट केलाय' म्हणतो ते इंग्रजीतही बरोबर आहे. अट घालणे, उदाहरण घालून देणे, पाऊल ठेवणे, विक्रम करणे, इथं मराठीत शब्द दरवेळी बदलतो अन् इंग्रजीत एकटा सेट सगळीकडं राबतो. पण आतून बघ, प्रत्येक ठिकाणी काहीतरी जागेवर ठेवलं जातंय आणि ते आता तिथं राहणार आहे.

तो 'राहणार आहे' भाग सोडू नको, कारण विशेषण सेट सगळा त्याच्यातून निघतो. सेट मेन्यू म्हणजे ठरलेलं जेवण, त्यात बदल नाही. सेट फ्रेझ म्हणजे ठरीव शब्दप्रयोग. म्हातारा माणूस सेट इन हिज वेज म्हणजे त्याच्या सवयी आता हलत नाहीत. डेड सेट अगेन्स्ट म्हणजे ठाम विरोधात, मन वळायचं नाही. इंग्रजी पेपरच्या हेडलाइनमध्ये अमुक सेवा 'सेट टू रिझ्यूम' असं येतं तेव्हा ठरलंय, होणार आहे, एवढंच म्हणायचं असतं, त्यात बसवणं वगैरे शोधत बसायचं नाही.

मग काही ठिकाणी कोणी बसवणाराच नसतो, वस्तू आपली आपण सेट होते. द सन सेट्स हे फार जुनं. जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला जो शब्द होता त्याचा अर्थच मुळी आसनाकडं जाणं असा होता, म्हणजे सूर्य बसायला निघाला. दही लागतं, इंग्रजीत द कर्ड हॅज सेट. सिमेंट घट्ट व्हायला लागतं, तिथंही सेट, अन् सिव्हिलच्या पोरांनी लक्ष द्यावं की सेटिंग आणि हार्डनिंग ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या साध्या सिमेंटला मानकानुसार सुरुवातीचा सेटिंग टाइम 30 मिनिटांपेक्षा कमी नको आणि शेवटचा 600 मिनिटांपेक्षा जास्त नको, म्हणजे दहा तासांत त्याचं हलणं बंद झालं पाहिजे. ताकद येणं म्हणजे हार्डनिंग, ते पुढं कितीतरी दिवस चालू राहतं, म्हणून तर पाणी मारायचं. आणि गवंड्याच्या तोंडचं 'सेंट्रिंग' याचा सेटशी काही संबंध नाही, ते सेंटर या शब्दापासून आलेलं आहे, कमानीखाली आधार द्यायचा त्याला सेंटरिंग म्हणायचे.

शेतीतलं उदाहरण तर आपल्या घरचंच आहे. जालना-अंबडकडं मोसंबीवाल्याला विचार, बाग ताणावर सोडली म्हणजे पाणी तोडलं, मग पाणी दिलं, फूल निघालं, आता 'सेटिंग' कसं झालंय ते बघायचं म्हणतो. फूल गळून न जाता त्याचं फळ धरलं म्हणजे सेटिंग झाली. हे सेटिंग अस्सल इंग्रजी आहे, फ्रूट सेट हा फळबागशास्त्रातला रोजचा शब्द आहे, अन् झाडानं बी धरलं तर सेट सीड म्हणतात. शेती-औषधाच्या दुकानातून तो शब्द बागेत आला आणि शेतकऱ्यानं अर्थ जरासुद्धा वाकडा न करता वापरला. शहरातल्या कित्येक इंग्रजी मीडियमवाल्यांना हा अर्थ माहीत नसतो.

नाम सेटवर फार वेळ घालवत नाही, ते सोपं आहे. एकमेकांसोबत असायला पाहिजेत अशा वस्तूंचा गट म्हणजे सेट, मराठीत संच. नववीच्या गणिताच्या पहिल्या भागात पहिलं प्रकरण संचच आहे. ठिबक संच, तुषार संच आपण म्हणतोच. पंपसेट म्हणजे मोटर अन् पंप जोडीनं. लग्नात आहेर येतो तो लेमन सेट म्हणजे जग अन् ग्लास, एक ग्लास फुटला की सेट मोडला. सलाईन लावायच्या आधी मेडिकलवरून आयव्ही सेट आणायला लावतात, म्हणजे नळी, चाक, सुई जोडायचा भाग सगळं मिळून. टीव्हीला सेट म्हणायचे म्हणून त्याच्या वर ठेवायचा तो सेट टॉप बॉक्स, आता टीव्ही भिंतीला चिकटला अन् वर ठेवायला जागाच राहिली नाही, तरी डबा सेट टॉपच. व्हॉलीबॉलचा सेट 25 पॉइंटचा आणि पाचवा गेला तर 15 चा. आता तिथंच जो 'सेटर' असतो तो मात्र क्रियापदातून आलाय, बॉल स्मॅशरला लावून देणारा. एकाच मैदानात दोन्ही सेट.

खरी गडबड होते ती सेटला एखादं शेपूट लागल्यावर, सेट अप, सेट ऑफ, सेट इन, सेट असाइड. इथं मात्र थोडं पाठांतर लागतं, त्यातून सुटका नाही, पण इथंही अर्थ शेपटातून काढता येतो.

सेट इन म्हणजे एखादी गोष्ट आत शिरली आणि मुक्काम ठोकला. थंडी सेट इन झाली, कुजणं सेट इन झालं, अन् एकदा शिरलं की लवकर जायचं नाव घेत नाही अशाच गोष्टींना हा जास्त लागतो. हवामान खातं ज्याला मान्सूनचं ऑनसेट म्हणतं, केरळात सर्वसाधारण तारीख 1 जून, ते याच घरातलं नाम. डॉक्टर लोक रोगाच्या सुरुवातीलाही ऑनसेट म्हणतात.

सेट ऑफ जरा अवघड आहे कारण त्याचे तीन संसार आहेत. एक, निघणे: वी सेट ऑफ अर्ली, आम्ही लवकर निघालो. दोन, चालू करून देणे: कोणी फटाका उडवला, धुरानं अलार्म वाजला, एका अफवेनं गोंधळ माजला, सगळं सेट ऑफ. तिसरा हिशोबातला, एकाची दुसऱ्यात वजावट. बँकेचं कर्ज थकलं असताना बँक तुमच्याच दुसऱ्या खात्यातल्या पैशातून ते वळतं करून घेते तो तिचा सेट ऑफचा हक्क, इन्कम टॅक्समध्ये एका ठिकाणचा तोटा दुसऱ्या ठिकाणच्या नफ्यातून वजा करतात तोही सेट ऑफ, आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 428 मध्ये खटला चालू असताना जितके दिवस आत काढले तितके शिक्षेतून कमी होतात, त्यालाही हाच शब्द. वकिली करणाऱ्यानं आणि बँकेची परीक्षा देणाऱ्यानं तिसरा आधी शिकावा, बाकीच्यांनी पहिले दोन.

सेट असाइडवर मला थांबावंच लागणार, कारण भाषांतराच्या पेपरात ह्यानं जितके मार्क जातात तितके दुसऱ्या कशानं जात नसतील. साध्या इंग्रजीत ह्याचा अर्थ बाजूला काढून ठेवणे, पोरीच्या शिक्षणाला पैसे सेट असाइड केले. पण बातमीत येतं की छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठानं जिल्हा न्यायालयाचा आदेश सेट असाइड केला, अन् पोरगं लिहितं 'आदेश बाजूला ठेवला', जणू साहेबांनी फाइल उचलून कपाटावर ठेवली आणि दुपारच्या चहानंतर बघू म्हणाले. कोर्टात सेट असाइड म्हणजे रद्द ठरवला, संपला, आता त्याला किंमत नाही. तात्पुरतं थांबवायचं असतं तेव्हा कोर्ट स्टे देतं, तो वेगळा. एकच जोडशब्द, पैशाशेजारी आला तर जपून ठेवणं आणि आदेशाशेजारी आला तर मोडून टाकणं, सुरुवातीला म्हटलं ना शेजारी बघ म्हणून, ते ह्याच्यासाठी.

सेट अप म्हणजे उभं करणं, कारखाना, समिती, स्टॉल काहीही, पण माणसाशेजारी आला अन् वाक्यात कट-कारस्थानाचा वास असला तर अडकवणं. सेटबॅक म्हणजे सगळ्यांना धक्का, पीछेहाट एवढंच माहीत असतं, पण बांधकाम परवानगीच्या कागदात सेटबॅक म्हणजे रस्त्यापासून किंवा हद्दीपासून सोडायची जागा, मराठीत सामासिक अंतर. तिथं पीछेहाट लिहिलंस तर इंजिनिअर हसेल. सेट आउट म्हणजे निघणे किंवा मुद्देसूद मांडणे, सरकारी पत्रात बहुतेक दुसरा.

आता आपल्या मराठीतल्या सेटनं इंग्रजी कसं बिघडतं ते सांगतो, कारण गाइडमध्ये हे येत नाही. 'पोरगा पुण्यात सेट झाला' हे आपण रोज बोलतो, पण त्याचं इंग्रजी करताना सेट घातला की वाक्य फसलं, तिथं सेटल्ड पाहिजे. सेटल हा सेटचा चुलतभाऊ आहे, जुन्या इंग्रजीत आसनाला जो शब्द होता त्यातून आलेला, पण भाऊ म्हणजे तोच माणूस नव्हे. 'त्यांचं सेट झालं' म्हणजे प्रेम जमलं, 'साहेबाशी सेटिंग लावली' म्हणजे काय ते तुलाही माहिती आणि मलाही, हे दोन्ही अर्थ आपण ह्या मातीत पिकवलेले आहेत, इंग्रजाला सांगितले तर तो फक्त मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन शोधत बसेल. त्याला फिक्स, अरेंज असलं काहीतरी सांगावं लागतं. क्रिकेटमधलं 'बॅट्समन सेट झालाय' मात्र बिनधास्त वापर, ते तिकडूनच आलंय.

काही शब्द नुसते दिसायला सेटवाले असतात. असेट म्हणजे मालमत्ता, त्याचं मूळ जुन्या फ्रेंचमधल्या 'पुरेसं' या अर्थाच्या शब्दात आहे, म्हणजे कर्ज फेडायला पुरेल एवढी इस्टेट, त्यात बसवणं वगैरे काही नाही. अपसेट मात्र खराच सेटचा, आधी उभं करणं असा अर्थ होता, मग उलटला आणि उलथवणं झाला, आता पोटही अपसेट होतं आणि मन पण. खेळात दुबळ्यानं बलाढ्याला हरवलं की अपसेट म्हणतात, त्याची एक गोष्ट फिरत असते की 1919 मध्ये अमेरिकेत अपसेट नावाच्याच घोड्यानं मॅन ओ वॉर या नामी घोड्याला हरवलं तिथून हा शब्द निघाला. शर्यत खरी आहे, घोडा खरा आहे, पण शब्द त्या अर्थानं आधीपासून वापरात होता, म्हणून ती गोष्ट उत्तरपत्रिकेत लिहू नको.

व्याकरणाचं एवढंच: सेट, सेट, सेट, तिन्ही रूपं एक, 'सेटेड' असं काही नसतं. त्यामुळं वाक्य भूतकाळी आहे की वर्तमान हे कर्त्यावरून ओळखायचं. ही किंवा शी नंतर सेट्स आलं तर वर्तमान, नुसतं सेट आलं तर भूतकाळ, स विसरलेला नाही. आय आणि दे असेल तर आजूबाजूला यस्टरडे, एव्हरी डे असलं काही आहे का ते शोधायचं. चुका ओळखायच्या प्रश्नात हे हमखास असतं. अन् सिट-सेटची अदलाबदल करायची नाही. खुर्चीवर आपण सिट करतो, खुर्ची जागेवर सेट करतो.

वही कशी करायची तेही विचारलंस. डावीकडं सेट आणि उजवीकडं अर्थ अशी यादी काढू नको, ती आठ दिवसांत पुसून जाते. डावीकडं शेजारी लिही: बोन, अलार्म, डेट, ट्रॅप, एक्झाम्पल, टेबल, फायर, सन, सिमेंट, फ्रूट. उजवीकडं आपलं मराठी क्रियापद: बसवणे, लावणे, ठरवणे, सापळ्याला परत लावणे, घालून देणे, मांडणे, मग आग लावणे, मावळणे, घट्ट होणे, धरणे. मग उजवी बाजू झाकून डावीकडून म्हणायचं अन् डावी झाकून उजवीकडून वाक्य करायचं, वाक्य तुझ्या गावातलं असावं, पुस्तकातलं नको. शेपटांना वेगळी दोन पानं ठेव. पेपरात नवीनच काही आलं तर आधी सेटवर बोट ठेवून बाकीचं वाक्य वाचायचं, मोकळ्या जागेत मराठीत कोणतं क्रियापद येईल ते टाकायचं अन् मग पर्याय बघायचे. पर्याय आधी वाचले की चारही बरोबर वाटायला लागतात.

कृषीच्या परीक्षांची तयारी असेल तर एक राहिलं. उसाच्या प्रकरणात 'सेट' येतो तो दोन टी वाला आहे, छापताना चुकलेला नाही. सेटचंच वेगळं स्पेलिंग करून तो शब्द राखून ठेवलाय, अर्थ लागणीसाठी तोडलेली बेण्याची कांडी, टिपरी. टू बडेड सेट म्हणजे दोन डोळ्यांची टिपरी. तिथं संच असं भाषांतर करू नको.